आकडा बरोबर येतो, तरी शेत का फसतं? मान्सूनच्या दीर्घावधी अंदाजाबद्दल

पाणकळा

एप्रिलच्या मध्यावर हवामान खात्याचा पहिला अंदाज येतो आणि मग टीव्हीवर दिवसभर एकच आकडा फिरत राहतो, यंदा सरासरीच्या इतके टक्के. संध्याकाळपर्यंत गावाकडून फोन, काय रे यंदा पाऊस चांगलाय म्हणतात, सोयाबीन वाढवू का, तूर लावू का नको. मला त्या आकड्यामागच्या कामाबद्दल आदर आहे, पण तो ज्या रूपात आपल्यापर्यंत पोचतो त्याने नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे म्हणून हा धागा.

दोन वर्षं घ्या. २०१५ ला खात्याने एप्रिलात ९३ टक्के सांगितलं, जूनमध्ये सुधारून ८८ केलं आणि प्रत्यक्षात पडला ८६. इतका चांगला अंदाज क्वचित येतो. त्याच वर्षी मराठवाड्यात सरासरीपेक्षा साधारण ४० टक्के कमी पाऊस झाला आणि पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. आता २०२५ बघा. एप्रिलात १०५, मे अखेरीस १०६, प्रत्यक्षात १०८. पुन्हा अचूक. आणि सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, सोलापूरकडे काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली, काही ठिकाणी तर नदीने मातीसुद्धा खरवडून नेली.

म्हणजे दोन्ही वर्षी आकडा पास आणि दोन्ही वर्षी शेतकरी नापास. ह्याचं कारण तो आकडा आपल्या शेताबद्दल बोलतच नाही. तो आहे जून ते सप्टेंबर चार महिन्यांचा, अख्ख्या देशाचा मिळून, जैसलमेर आणि चेरापुंजी एकत्र धरून. सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० ची, ८७ सेंटीमीटर. ९६ ते १०४ टक्के म्हणजे 'सामान्य'. एप्रिलच्या अंदाजाला अधिक-उणे ५ टक्क्यांची चूक धरलेली असते, तेव्हा १०० सांगितलं तर अर्थ होतो ९५ ते १०५, म्हणजे सामान्यापेक्षा थोडं खाली ते सामान्यापेक्षा थोडं वर, सगळंच त्यात आलं. बातमीत मात्र फक्त १००.

माझा प्रश्न जाणकारांना असा की एप्रिलात बसून सप्टेंबरचं सांगणं नेमकं कशामुळे अवघड आहे, आणि जेवढं सांगता येतं तेवढं आमच्या कामाचं कसं करायचं?

उदगीरकर

पाणकळा भाऊ पहिल्या परिच्छेदातला फोन करणारा माणूस म्हणजे मीच समजा. कोरडवाहू जमीन आहे. मला देशाचा पाऊस काय करायचाय, मला पाहिजे की पेरल्यावर पंधरा दिवस खंड पडणार का नाही पडणार. जून मध्ये एक चांगला पाऊस झाला की सगळे पेरतात, मग उघडीप पडते, उगवलेलं करपतं आणि दुबार पेरणी. बियाणं परत, खत परत, मजुरी परत. आणि दुसऱ्या पेरणीचं पीक उशिरा येतं ते परतीच्या पावसात सापडतं. २०१७ ला बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसात तक्रार दिली होती, पेपरला आलं होतं, लोकांनी चेष्टा केली त्याची. मला त्यात चेष्टा करण्यासारखं काही दिसलं नाही. ज्याचं बियाणं गेलं तो कुणाकडे जाणार?

टक्के नकोत, तारखा द्या.

वाऱ्याची_दिशा

मी ह्या क्षेत्रात नोकरी केली, आता निवृत्त आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

उदगीरकर, तारखा का देता येत नाहीत ते आधी. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचं एक छोटं गणित चालवत होते. जुनीच आकडेमोड पुन्हा बघायची म्हणून त्यांनी मधूनच सुरुवात केली, आणि ०.५०६१२७ च्या जागी छापलेल्या कागदावरचा ०.५०६ टाकला. दशांशानंतरचे शेवटचे तीन आकडे गेले, बाकी सगळं तेच. सुरुवातीला दोन्ही उत्तरं सारखी आली, मग हळूहळू फाकत गेली आणि गणितातले काही आठवडे उलटल्यावर दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. १९६३ ला त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आपण वातावरण कितीही मोजलं, उपग्रह, फुगे, रडार सगळं लावलं तरी मोजमापात बारीक चूक राहणारच, आणि ती चूक वाढत वाढत साधारण दोन आठवड्यांत सगळा अंदाज गिळून टाकते. मोठा संगणक आणला तर थोडी मजल वाढते, भिंत हटत नाही. म्हणून १२ जुलैला उदगीरला पाऊस पडेल का हे एप्रिलात कुणीही सांगत असेल तर तो जे सांगता येत नाही ते सांगतोय, मग तो कुणी का असेना.

मग चार महिन्यांचं तरी कसं सांगतात? तर समुद्रामुळे. हवा दोन आठवड्यांत सगळं विसरते, समुद्राचं पाणी महिनोन् महिने तापलेलं किंवा गार राहतं. चार्नी आणि जगदीश शुक्ला ह्या हवामानशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलं की उष्ण कटिबंधात, विशेषतः मान्सूनच्या बाबतीत, हंगामाचा एकूण पाऊस बऱ्याच अंशी ह्या खालच्या संथ गोष्टींवर ठरतो, समुद्राचं तापमान, बर्फ, जमिनीतली ओल. त्यामुळे जत्रेला यंदा गर्दी किती लोटेल हे आधी सांगता येतं, पण अमुक माणूस दुपारी दोनला कुठल्या दुकानापुढे उभा असेल हे नाही. आणि तुम्हाला नेमकं ते दुसरं पाहिजे.

पुढची अडचण अशी की समुद्रही एप्रिलात धड बोलत नाही. प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापतं तो एल निनो, तो आला की आपल्याकडे बहुधा पाऊस कमी. मार्च ते मे हा त्याचा सगळ्यात बेभरवशाचा काळ, जुनी स्थिती मोडत असते आणि नवी बसलेली नसते. ह्याला वसंतातला अडसर म्हणतात. २०१४ च्या वसंतात जगभर चर्चा होती की फार मोठा एल निनो येतोय, पाण्याखाली उष्णता साठलेली दिसत होती, वारे अनुकूल होते, आणि तो मध्येच विरला. मोठा एल निनो आला तो पुढच्या वर्षी. आणि गंमत म्हणा किंवा दुर्दैव, एल निनो विरूनही २०१४ ला आपल्याकडे पाऊस ८८ टक्केच झाला, खात्याने एप्रिलात ९५ म्हटलं होतं. आपला पहिला अंदाज ह्या अडसराच्या बरोब्बर मध्ये द्यावा लागतो कारण सरकारला, धरणांना, खतवाल्यांना तो एप्रिलातच हवा असतो.

मघा_नक्षत्र

लेख चांगला आहे पण आपल्या जुन्या लोकांचं ज्ञान तुम्ही कुणीच धरत नाही ह्याचं वाईट वाटतं. आजोबा नक्षत्रावर शेती करायचे. रोहिणीचा पाऊस, मृगाची पेरणी, आर्द्रा, मघाचा पाऊस तर सोन्यासारखा, हस्ताच्या पावसावर रब्बी. भेंडवळची घटमांडणी, पावसा-पिकाचं भाकीत करतात ती, अक्षय्य तृतीयेला होते, बुलढाणा जिल्ह्यात, हजारो शेतकरी तिथे जाऊन ऐकतात. इतक्या पिढ्या लोक जातात ते उगाच?

विदा_वाली

मघा_नक्षत्र, मी संख्याशास्त्र शिकवते आणि नक्षत्रांबद्दल मला खरंच आदर आहे, का ते सांगते. मृग सुरू होतं ७ जूनच्या आसपास, कारण सूर्य त्या नक्षत्रात जातो. हे दरवर्षी तेच असतं. म्हणजे 'मृगात पेरा' ह्या वाक्यात शेकडो वर्षांच्या पावसाची सरासरी साठवलेली आहे, आणि ती सरासरी उत्तम आहे. पण ती सरासरीच. यंदाच्या मृगात पडेल का हे त्यातून कळू शकत नाही, कारण नक्षत्र यंदाही तेच आणि दुष्काळाच्या वर्षीही तेच होतं. शिवाय ही नक्षत्रं ऋतूंच्या मानाने दर बहात्तर वर्षांनी साधारण एक दिवस सरकतात, तेव्हा हजार वर्षांपूर्वीचा मृग आणि आताचा मृग एकाच हवामानात येत नाही.

भेंडवळबद्दल एवढंच म्हणेन की जी कसोटी खात्याला तीच त्यांना. सांगितलेलं त्याच दिवशी लिहून ठेवायचं, हंगाम संपल्यावर मोजायचं, बरोबर आलेलं आणि चुकलेलं दोन्ही धरायचं. 'कमी-जास्त पाऊस, कुठे कमी कुठे जास्त' हे भाकीत चुकूच शकत नाही आणि म्हणून त्याचा उपयोगही होत नाही.

आता खात्याच्या बाजूचा इतिहास, कारण त्यातली खरी अडचण मला गणिताची वाटते. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारला आधी सांगणारा कुणीतरी हवा होता. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड ह्यांनी हिमालयात बर्फ जास्त तर पाऊस कमी असं नातं १८८४ मध्ये मांडलं आणि १८८६ पासून अधिकृत अंदाज सुरू झाले. पण १८९९ चा दुष्काळ, ज्याला उत्तरेत छप्पनिया म्हणतात, त्यांच्यानंतरच्या लोकांना दिसला नाही. मग १९०४ ला केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाले, त्यांनी जगभरच्या वायुदाबाचे आकडे जमवले, कारकुनांकडून हाताने हजारो आकडेमोडी करून घेतल्या आणि त्यातून सापडलं की प्रशांत महासागराकडे वायुदाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो आणि उलट. शोध होता भारतातल्या पावसाचा, हाती लागलं ते जगभरच्या हवामानाला लागू पडणारं. पुढे १९६९ मध्ये ब्यर्कनेस ह्यांनी ते एल निनोशी जोडलं. पुण्यात शिवाजीनगरला शिमला ऑफिस आहे ना, ते नाव ह्याच इतिहासातलं, खात्याचं मुख्यालय १९२८ ला शिमल्याहून तिथे आलं.

नंतर १९८८. आपले वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी सोळा घटकांचं मॉडेल आणलं. पहिल्याच वर्षी बरोबर आलं, पुढे बरीच वर्षं 'सामान्य' म्हटलं की सामान्य येत राहिलं, देशभर त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. आणि २००२ ला अंदाज १०१, पाऊस ८१. जुलै महिन्यात देशात सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस. जगातल्या इतर केंद्रांनाही तो दुष्काळ दिसला नव्हता हे इथे सांगितलंच पाहिजे. २००४ ला परत, अंदाज १००, पाऊस ८७ च्या आसपास. २००९ ला एप्रिलात ९६, जूनमध्ये ९३, प्रत्यक्ष ७८. उलट बाजूनेही, २०१९ ला अंदाज ९६ आणि पडला ११०, तोही जून ३३ टक्के तुटीत गेल्यावर.

असं का होतं? वर्षात मान्सून एकदाच येतो. बस. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच उदाहरण देते. क्रिकेटचा विदा, म्हणजे डेटा, रोज वाढतो, शेअर बाजाराचा सेकंदाला वाढतो, मान्सूनचा वर्षाला एक आकडा. सोळा घटक बसवायचे आणि हाताशी काही दशकांचीच वर्षं, त्यातली खरी दुष्काळी वर्षं तर बोटावर मोजण्याएवढी. एवढ्या कमी नमुन्यांत सोळापैकी काही घटक निव्वळ योगायोगाने जुळतात आणि पुढच्या वर्षी साथ सोडतात. ब्लॅनफर्डचं बर्फाचं नातंही असंच पुढे सैल पडलं. २००३ पासून खात्याने घटक कमी केले, पद्धत बदलली, २०२१ पासून जगभरच्या अनेक मॉडेलांचा एकत्र विचार करतात. पण वर्षाला एक आकडा ही अडचण तशीच आहे.

पाणकळा

विदा_वाली ताई, हे तुम्ही वेगळा लेख म्हणून टाका अशी विनंती. एक शंका, एल निनो म्हणजे दुष्काळ हे समीकरण आता गावातल्या पोरांनाही पाठ झालंय. मग १९९७ ला काय झालं? त्या वर्षीचा एल निनो शतकातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी होता ना आणि पाऊस १०२ टक्के.

वाऱ्याची_दिशा

बरोबर. १९९७ ला हिंदी महासागराने वाचवलं. आफ्रिकेच्या बाजूचं पाणी तापलेलं आणि सुमात्राच्या बाजूचं गार अशी स्थिती होती, ती आपल्या पावसाला सहसा पोषक. २०१९ लाही तेच झालं, फार मोठ्या प्रमाणात. ह्याला हिंदी महासागर द्विध्रुव म्हणतात आणि हा शोध प्रसिद्ध झाला १९९९ मध्ये! म्हणजे १९९७ चा अंदाज करणाऱ्यांच्या हिशेबात हा घटक नावानेही नव्हता. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. आपण अंदाज करतो तो आपल्याला माहीत असलेल्या कारणांवरून, आणि निसर्ग माहीत नसलेली कारणंही वापरतो.

सुलोचना गाडगीळ ह्यांचा उल्लेख इथे करायलाच हवा. मूळच्या पुण्याच्या, आयुष्यभर बेंगळुरूला काम केलं, २०२५ मध्ये गेल्या. विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरावर ढग कुठल्या बाजूला जमतात आणि त्याचा आपल्या मान्सूनशी काय संबंध, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं, १९९७ चं कोडं त्यातून बरंच सुटतं. पण उदगीरकर, तुमच्यासाठी त्यांचं दुसरं काम जास्त जवळचं आहे. अनंतपूर आणि पावगड भागातल्या कोरडवाहू भुईमुगावर त्या शेतकऱ्यांबरोबर बसल्या. यंदा काय होईल हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं की ह्या गावात गेल्या कित्येक दशकांत पाऊस कसा पडला, आणि कुठल्या आठवड्यात पेरलं तर फुलोरा आणि शेंगा भरण्याच्या वेळी खंड सापडण्याची शक्यता सगळ्यात कमी. ह्याला अंदाज लागतच नाही, जुन्या नोंदी लागतात.

उदगीरकर

हे आवडलं. हे आमच्या मंडळासाठी कुणी करून दिलंय का?

बियाणंवाला

कृषी सेवा केंद्र आहे माझं, तालुक्याच्या गावी. थोडी दुसरी बाजू मांडतो. इथे सगळे म्हणतायत देशाचा आकडा बिनकामाचा, तसं नाही. मी माल भरतो एप्रिल मे मध्ये, कंपन्या कुठल्या वाणाचं किती बियाणं कुठल्या जिल्ह्यात पाठवायचं ते त्याआधी ठरवतात, खताच्या रेक लागतात, बँका कर्जाचं बघतात. त्या पातळीवर ९० का १०५ ह्याने फरक पडतो. धरणातलं पाणी उन्हाळ्यात किती सोडायचं हे पण त्यावर बघतात. आकडा मोठ्या व्यवहारासाठी बनलाय आणि तो छोट्या व्यवहाराला वापरला जातोय, तिथे घोटाळा आहे. माझ्या दुकानात मे महिन्यात लोक येतात आणि म्हणतात यंदा १०६ टक्के आहे, जास्त दिवसांचं वाण द्या. मी त्यांना सांगतो की १०६ टक्क्यात ऑगस्ट कोरडा जाऊ शकतो. २०२३ ला बघा, हंगाम ९४ टक्के, अंदाज ९६, म्हणजे जवळपास बरोबरच, आणि ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा, ३६ टक्के तूट. ऐन फुलोऱ्यातलं सोयाबीन होतं. किती जणांनी मोडून टाकलं मी बघितलंय.

अर्धं लवकर येणारं अर्धं उशिरा येणारं घ्या असं सांगतो. काही ऐकतात.

दापोलीची_भातखाचरं

कोकणातून दोन ओळी. आमच्याकडे टक्क्यांनी काहीच होत नाही, कमी झाला तरी तो तुमच्या तिप्पट असतो. आम्हाला लावणीच्या वेळी चिखलणीपुरतं पाणी आणि कापणीला उघडीप, एवढं कळलं पाहिजे. आणि जागेचं म्हणाल तर २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७४. एकाच मुंबईत, एकाच दिवशी. एका शहराला एक आकडा पुरत नाही तिथे देशाला कसा पुरणार?

रेडिंगकर

इंग्लंडमधल्या रेडिंगला राहतो, युरोपचं मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचं केंद्र इथेच आहे, माझा त्या कामाशी संबंध नाही पण ओळखीतले लोक आहेत म्हणून ह्या विषयाची आवड लागली. तिकडून बघताना तुम्हाला वाटत असेल की परदेशात सगळं अचूक सांगतात. तीन-चार दिवसांचं सांगतात, उत्तम सांगतात, अगदी आठवड्याचंही. पण हंगामाचं म्हणाल तर युरोपची स्थिती भारतापेक्षा अवघड, कारण इथे समुद्राचा हात तेवढा थेट चालत नाही. २००९ मध्ये ब्रिटिश हवामान खात्याने उन्हाळा कोरडा आणि उबदार जाण्याची शक्यता सांगितली, अंगणात बसून बार्बेक्यू करण्याजोगा उन्हाळा असा शब्द वापरला, आणि जुलै-ऑगस्ट पावसात गेले. मूळ अंदाजात शक्यता ६५ टक्के होती. पण लोकांच्या लक्षात फक्त तो शब्द राहिला. एवढी टीका झाली की २०१० मध्ये त्यांनी सामान्य लोकांसाठी असे हंगामी अंदाज देणंच बंद केलं.

मला ते बंद करणं चुकीचं वाटतं. शक्यता नीट सांगायला शिकायला हवं होतं. भारतात बंद केलं नाही, दरवर्षी शिव्या खाऊन परत देतात, ह्याचं मला कौतुक आहे.

वाऱ्याची_दिशा

रेडिंगकर, धन्यवाद, हे लिहायचं होतंच.

आता उदगीरकरांच्या 'तारखा द्या' कडे परत येतो, कारण तिथे अगदीच रिकाम्या हाताने जावं लागत नाही. दोन आठवडे आणि चार महिने ह्यांच्या मधे एक पट्टा आहे, दोन ते चार आठवड्यांचा. विषुववृत्तावरून ढगांचा एक मोठा समूह पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातो, साधारण ३० ते ६० दिवसांत पृथ्वीला फेरी मारतो, तो हिंदी महासागरात आला की आपल्याकडे पाऊस जोर धरायला मदत होते आणि पुढे गेला की खंडाची शक्यता वाढते. ह्याच्यामुळे दोन-तीन आठवडे आधी थोडी चाहूल लागते. खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं. पहिले दोन आठवडे बऱ्यापैकी, तिसरा सावधपणे घ्यावा, चौथ्यावर बियाणं टाकू नये.

२०२५ चं उदाहरण ताजं आहे. मान्सून केरळात २४ मे ला आला, मुंबईत २६ मे ला, मुंबईच्या नोंदीतलं सगळ्यात लवकर. सगळीकडे आनंद. आणि मग तो जागेवर थांबला तो जूनच्या मध्यापर्यंत. मे अखेरच्या पावसावर ज्यांनी घाईने पेरलं त्यांना ते फार जड गेलं. त्या वर्षी केंद्रीय कृषी मंत्रालयाने एआय मॉडेल वापरून १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना पाऊस कधी सुरू होईल ह्याचे एसएमएस पाठवले, आणि मधला तो खंड त्या अंदाजात आलेला होता. माझ्या मते खरी आशा ह्या पट्ट्यात आहे. एप्रिलचा आकडा एखाद्या टक्क्याने जास्त अचूक करण्यापेक्षा जूनमधला थांबा दोन आठवडे आधी कळणं हे कोरडवाहू माणसाला कितीतरी मोलाचं.

मघा_नक्षत्र

विदा_वाली ताई, तुमचं सरासरीचं म्हणणं पटलं. आजोबांच्या वेळी पण मृग लागला म्हणून डोळे झाकून पेरायचे नाहीत, वीतभर ओल गेली का ते माती उकरून बघायचे, वाफसा आला की मगच पाभर. ते लिहायचं राहिलं माझं. पावशा 'पेरते व्हा' म्हणाला तरी ओल बघायचेच.

बियाणंवाला

हेच कृषी विभाग पण सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तुमचे आजोबा आणि विभाग एकच बोलतायत. आता गावागावात मोजमापही आहे, राज्यात महसूल मंडळांमध्ये मिळून दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं आहेत. आपल्या मंडळाचा पाऊस रोज बघता येतो, तरी पेरताना लोक आभाळाकडे आणि शेजाऱ्याकडे बघतात. शेजाऱ्याने पेरलं की राहवत नाही.

पाणकळा

सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, त्यातून माझं मत आणखी पक्कं झालं ते लिहितो.

एक तर देशाचा एकच आकडा मथळ्यात येणं थांबलं पाहिजे. खात्याचं पत्रक मी गेल्या काही वर्षांत मुद्दाम पूर्ण वाचतो, त्यात आकड्याच्या खाली बरंच काही असतं. तूट पडण्याची शक्यता किती, सामान्य राहण्याची किती, जास्त होण्याची किती, असं विभागून दिलेलं असतं आणि शेजारी नेहमीची शक्यताही. नकाशा असतो. पेपरात ह्यातलं काहीच येत नाही. मराठी पेपरांनी आणि चॅनेलांनी किमान आपल्या चार विभागांचं, कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ, नकाशावर काय रंग आहे तेवढं तरी छापावं. शेजारी मागच्या दहा वर्षांत काय सांगितलं होतं आणि काय पडला हा तक्ता द्यावा. त्याने खात्याची बदनामी होणार नाही, विश्वास वाढेल, कारण आता चुकलं की 'ह्यांना काही येत नाही' आणि बरोबर आलं की कुणाच्या लक्षात नाही अशी स्थिती आहे.

आणि दुसरं, गाडगीळ बाईंच्या कामासारखं काम प्रत्येक मंडळासाठी व्हायला हवं. कृषी विद्यापीठं आहेत, कृषी विज्ञान केंद्रं आहेत, जुन्या पर्जन्यनोंदी आहेत. ह्यात समुद्र, एल निनो काही लागत नाही. उदगीरकरांनी विचारलं की आमच्यासाठी कुणी केलंय का, ह्या प्रश्नाला सरळ 'हो, हे घ्या' असं उत्तर मिळायला पाहिजे.

विदा_वाली

तालुक्याच्या रोजच्या पावसाच्या नोंदी कुणी मिळवून दिल्या तर प्रत्येक आठवड्यात दहा दिवसांहून मोठा खंड पडण्याची शक्यता काढून मी इथे तक्ता टाकते. तीसेक वर्षांच्या तरी हव्यात, आणि मधले दिवस गाळलेले नकोत. उदगीरपासून सुरू करू.

उदगीरकर

ताई तहसीलला ओळख आहे, जुन्या नोंदवह्या बघतो मिळतात का. मधली काही वर्षं फाटलेली असतील तर सांगतो.

पाणकळा भाऊ तुम्ही नकाशा म्हणालात म्हणून मी मोबाईलवर उघडून बघितला जुना एक. निळा म्हणजे जास्त आणि पिवळा-लाल म्हणजे कमी हे कळलं. आमच्याकडे काही भाग पांढरा आहे. पांढरा म्हणजे सामान्य पाऊस ना?

वाऱ्याची_दिशा

नाही, आणि हे बरं झालं विचारलंत, पुष्कळ लोक तसंच वाचतात. पांढरा म्हणजे मॉडेलला तिथे काही सांगता येत नाहीये. कमी, सामान्य आणि जास्त, तिन्ही शक्यता सारख्याच, प्रत्येकी तेहतीस टक्क्यांच्या आसपास. निळा असला तरी त्याचा अर्थ जास्त पाऊस होणारच असा नाही, तर जास्त होण्याची शक्यता बाकी दोन्हींपेक्षा मोठी आहे. रंग गडद तशी शक्यता जास्त. फिकट निळा असेल तर चाळीस-पंचेचाळीस टक्के वगैरे असू शकतं, म्हणजे तसं न होण्याची शक्यता अजून निम्म्याहून अधिकच.

उदगीरकर

म्हणजे पांढऱ्या भागात एप्रिलच्या अंदाजावर काहीच ठरवायचं नाही. मग मी असं करतो, अर्ध्या रानात लवकर येणारं सोयाबीन, बाकीच्यात सोयाबीन-तूर आंतरपीक, सगळं रुंद वरंब्यावर म्हणजे जास्त झाला तर पाणी निघून जाईल आणि खंड पडला तर ओल धरून राहील. शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय पाभर काढायची नाही. आणि जूनमध्ये गुरुवारचा अंदाज बघून मग तारीख धरायची. ह्यात काही चुकतंय का?

बियाणंवाला

बरोबर आहे. मूग-उडीद घेणार असाल तर मात्र फार थांबू नका, जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर त्यांचं जमत नाही. सोयाबीनला जुलैच्या मध्यापर्यंत वेळ आहे. आणि घरचं बियाणं वापरणार असाल तर उगवण तपासून घ्या आताच, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले तर चालतंय.

रेडिंगकर

जूनपासून गुरुवारचा नकाशा आला की मी इथे मराठीत दोन ओळींत लिहून टाकत जाईन, चारही विभागांचं. इथली वेळ उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते, त्यामुळे तुमच्या रात्रीपर्यंत येईल. वाऱ्याची_दिशा काका, तुम्ही तपासून द्याल का?

वाऱ्याची_दिशा

देतो. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यापुढे 'शक्यता' हा शब्द दर वेळी लिहा, एकदाही गाळू नका.